आकाराच्या पोटात

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या महाराष्ट्रातल्या टप्प्यावरचा ४० मीटर लांबीचा पहिला अखंड गर्डर २०२५ साली डहाणू तालुक्यातल्या साखरे गावी खांबांवर चढला. त्याचं वजन सुमारे ९७० टन. त्यात ३९० घनमीटर काँक्रीट आणि ४२ टन पोलाद आहे, आणि मध्ये कुठेही सांधा नाही. याच तालुक्याच्या किनाऱ्यावर, चिंचणी, वरोर, वाढवण या गावांच्या पट्ट्यात, अगदी दुसऱ्या टोकाचं एक काम चालतं. त्याला तिथे डायमेकिंग म्हणतात. हातात मावेल एवढ्या पोलादी ठोकळ्यात दागिन्याची नक्षी उलटी आणि खोलगट कोरायची. त्या खोबणीत सोन्याचांदीचा पातळ पत्रा दाबला, की नक्षीचा उठाव पत्र्यावर येतो. एक आकार अवजड यंत्रांनी उचलायचा, दुसरा चिमट्यात धरायचा. तरी दोन्हींपुढचा प्रश्न एकच आहे. वस्तू घडायच्या आधी तिचा आकार कुठे आणि कसा जपून ठेवायचा? आज या प्रश्नाचं उत्तर ‘संगणकात’ असं चटकन दिलं जातं. पण संगणकात ठेवलेला आकार हा वस्तूचा फोटो नसतो. वस्तूबद्दल कुणीतरी केलेली ती विधानं असतात. इथे काँक्रीट आहे, तिथे नाही. ही कड सरळ, ती वळलेली. हे आधी करायचं, ते नंतर. कोणती विधानं ठेवायची आणि कोणती गाळायची, यावर ते मॉडेल कामाचं की नुसतं बघण्याचं हे ठरतं. ही निवड करायला गणित लागतं, आणि त्या वस्तूशी रोज झटणाऱ्या माणसाची जाणही तितकीच लागते. हे दुसरं विधान भावनेपोटी केलेलं नाही. आकार संगणकात मांडण्याच्या गेल्या साठ वर्षांच्या इतिहासातूनच ते निघतं, हे दाखवणं हा या लेखाचा हेतू आहे.

संगणक येण्याआधी आकार कागदावर राहत असे, आणि कागदाला जाडी नाही. तीन मितींचं दोन मितींत बसवायचं तर काहीतरी सोडावं लागतं. डहाणू-तलासरीच्या वारली चित्रकारांनी हा पेच फार पूर्वी आपल्या पद्धतीनं सोडवला. तारप्याच्या नाचाचं चित्र आठवून पाहा. नाचणाऱ्यांची वळत जाणारी रांग वरून पाहिल्यासारखी, गुंडाळलेली. पण त्या रांगेतला प्रत्येक माणूस समोरून पाहिल्यासारखा, दोन त्रिकोणांचा. एकाच भिंतीवर दोन दिशांनी पाहिलं आहे, कारण रांगेची ठेवण वरूनच कळते आणि माणसाची ठेवण समोरूनच. जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ही चित्रं जगभर पोचली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण जिथून जे सगळ्यांत स्पष्ट दिसतं तिथून ते दाखवायचं, ही शिस्त त्यांच्याही आधी लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बायकांची होती. फ्रान्समध्ये गास्पार मोंजनं अठराव्या शतकाच्या अखेरीस इंजिनिअरिंगच्या चित्राला शास्त्राचं रूप दिलं, तेव्हा त्यानंही वरून आणि समोरून अशी दोन दर्शनं एकमेकांशी बांधली. आयटीआयमधला मुलगा आजही ड्रॉइंगच्या तासाला प्लॅन आणि एलेव्हेशन काढतो ते याच वाटेनं. दोन्हींत फरक एवढाच, की मोंजच्या चित्रात रेघ मोजता येते.

मोजता येणारी ही रेघ १९६३ साली आयव्हन सदरलँडनं एमआयटीत संगणकाच्या पडद्यावर आणली. त्याच्या स्केचपॅड या प्रोग्रॅममध्ये प्रकाशाच्या लेखणीनं रेघ ओढता येई, आणि ‘या दोन रेघा समांतरच राहतील’ अशी अटही घालता येई. पुढे रेघांनीच तीन मितींची वस्तू उभी करायचे प्रयत्न झाले. तारेचा सांगाडा करावा तशा नुसत्या कडा साठवायच्या. इथेच पहिली ठेच लागली. आरपार चौकोनी भोकं असलेला ठोकळा नुसत्या कडांनी काढला, तर भोक नेमकं कोणत्या दिशेनं आरपार गेलं आहे हे काही वेळा सांगताच येत नाही. एकाच सांगाड्याचे दोन-तीन अर्थ निघतात. कारखान्यात असा संशय चालत नाही. त्याच सुमाराला फ्रान्सच्या मोटार कारखान्यांत, सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए, गाडीच्या पत्र्याचे बाक सूत्रांत बसवत होते. मोजक्या बिंदूंनी वळणाला ताण द्यायचा आणि त्यातून गुळगुळीत पृष्ठभाग मिळवायचा. बेझिएच्या नावाचे वक्र आज मराठी टंकांच्या अक्षरांतही आहेत. पण पृष्ठभाग म्हणजे चादर. तिला पोट नाही. या चादरीच्या कोणत्या बाजूला धातू आहे आणि कोणत्या बाजूला हवा, हे ती सांगत नाही.

म्हणून सत्तरच्या दशकात सॉलिड मॉडेलिंग आलं, आणि त्याचा पाया एका साध्या प्रश्नावर घातला गेला. अमुक एक बिंदू वस्तूच्या आत आहे की बाहेर? याचं उत्तर देता येत नसेल, तर संगणकात वस्तू आहे असं म्हणताच येत नाही. साखऱ्याच्या गर्डरवर हा प्रश्न लावून पाहू. गर्डर आतून पोकळ असतो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्या पोकळीत एक माणूस उभा आहे असं धरा. आपण बोलताना तो गर्डरच्या ‘आत’ आहे असं म्हणू. घनाच्या गणितात मात्र तो बाहेर आहे, कारण तिथे काँक्रीट नाही. संगणक हे ठरवतो ते एका युक्तीनं. त्या बिंदूपासून एका दिशेनं सरळ रेघ सोडायची आणि ती गर्डरचा पृष्ठभाग किती वेळा ओलांडते ते मोजायचं. पोकळीतून आडवी सोडलेली रेघ भिंतीची आतली बाजू ओलांडते, मग बाहेरची. दोनदा, म्हणजे सम, बिंदू बाहेर. भिंतीच्या काँक्रीटमधल्या बिंदूपासून सोडलेली रेघ एकदाच बाहेर पडते. विषम, बिंदू आत. एवढ्या भाबड्या वाटणाऱ्या मोजणीवर सगळी इमारत उभी आहे.

तिच्यावर उभं काय काय राहतं तेही पाहण्यासारखं आहे. ठोकळ्याला ८ कोपरे, १२ कडा आणि ६ पृष्ठं असतात. ८ उणे १२ अधिक ६ म्हणजे २. ऑयलरचं हे नातं आत भोक किंवा पोकळी नसलेल्या, अखंड सपाट पृष्ठांच्या कोणत्याही सलग घनाला लागू पडतं. आता गर्डरची अगदी साधी आवृत्ती घ्या, चौकोनी नळीसारखी. कोपरे १६, कडा २४, पृष्ठं १०. टोकाची दोन पृष्ठं कड्यासारखी मधून पोकळ आहेत, म्हणून त्यांना एकेक चीर देऊन मोजायचं. कडा २६ होतात आणि उत्तर येतं ०. दोनाचं शून्य झालं, याचा अर्थ वस्तूतून एक भोक आरपार गेलं आहे. आकडा वेगळा आला तर समजायचं, की मॉडेलमध्ये एखादं पृष्ठ राहून गेलं किंवा कड दोनदा लिहिली गेली. पृष्ठभाग असा बिनचूक बंद झाला, की आतलं आकारमान काढता येतं. सळईसकट काँक्रीटचा घनमीटर साधारण अडीच टन धरला, तर ३९० घनमीटरचे ९७५ टन होतात, म्हणजे प्रत्यक्ष वजनाच्या अगदी जवळ. हे वजन गर्डर ओतण्याआधी माहीत असावं लागतं, कारण तो उचलणारं यंत्र, पेलणारा खांब आणि खांबाखालचा पाया या सगळ्यांचं गणित त्यावर आहे. इथे सुंदर चित्राचा उपयोग नाही. आत-बाहेर ठाऊक असलेला घनच लागतो.

घन कसा लिहून ठेवायचा यावर मात्र तेव्हाच दोन मतं झाली, आणि डायमेकरांशी या विषयाचं नातं इथून सुरू होतं. केंब्रिजमध्ये इयन ब्रेड आणि त्याचे सहकारी वस्तूची हद्द साठवत होते. कोणती पृष्ठं, ती कोणत्या कडांना भेटतात, कडा कोणत्या कोपऱ्यांवर संपतात, असा सगळा सातबारा. अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात हर्बर्ट व्होल्कर आणि अरिस्तिदेस रेकिशा यांनी कृती साठवायची ठरवली. हा ठोकळा घ्या, त्यातून ही नळी वजा करा, त्याला तो दट्ट्या जोडा. दिवाळीच्या दिवसांत हा फरक समजावायला लांब जायला नको. ठिपक्यांच्या रांगोळीचा फोटो काढून ठेवणं हा एक प्रकार. ‘सात ते चार ठिपके, मधल्यापासून सुरुवात, एकाआड एक जोडा’ हे वहीत लिहून ठेवणं हा दुसरा. फोटोवरून रांगोळी दिसते. वहीवरून ती उद्या मोठ्या अंगणात नऊ ठिपक्यांची काढता येते. १९८८ साली प्रो-इंजिनिअर हे सॉफ्टवेअर आलं, तेव्हा बाजारानं या दोन्हींची सांगड घातली. हद्द तर साठवायचीच, शिवाय ती ज्या पायऱ्यांनी घडली त्याही साठवायच्या, म्हणजे एक माप बदललं की पुढचं सगळं आपोआप बदलेल. आजचं जवळजवळ प्रत्येक कॅड, म्हणजे संगणकावर आकार आखायचं, सॉफ्टवेअर याच रस्त्यानं चालतं.

आता डाय पाहू. डायमध्ये दाबलेला पत्रा सरळ वर निघून आला पाहिजे. खोबणीची भिंत वरच्या तोंडाशी आत झुकलेली असेल, म्हणजे कारखान्याच्या भाषेत अंडरकट असेल, तर पत्रा तिच्यात अडकतो, आणि ओढून काढला की नक्षी फाटते. म्हणून भिंतीला नेहमी बाहेरच्या बाजूला किंचित उतार, म्हणजे टेपर, द्यायचा. संगणकात अशी डाय मांडायला सगळ्यांत समर्थ पद्धत हवी असं वाटेल. पण इथे सगळ्यांत गरीब पद्धत शहाणी ठरते. ठोकळ्याच्या तोंडावर बारीक चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीपुढे एकच आकडा लिहायचा, इथे खोली किती. बस्स. या तक्त्यात अंडरकट लिहिताच येत नाही, कारण एका जागेला दोन खोल्या देण्याची सोयच त्यात नाही. जे करायचं नाही ते मांडताच येऊ नये, ही कोणत्याही कारागिराला पटेल अशी शिस्त आहे. गर्डरसाठी हा तक्ता निरुपयोगी, कारण गर्डरला पोकळी आहे. डायसाठी तो अंगच्या मापाचा. कोणती मांडणी श्रेष्ठ, हा प्रश्नच म्हणून फसवा आहे. काम काय आहे हे ज्याला ठाऊक, त्यालाच मांडणी निवडता येते.

आणि डायचं काम खोलीच्या तक्त्यावर संपत नाही. पत्र्याला जाडी असते. खालच्या डायचा आकार आणि वरून दाबणाऱ्या पंचाचा आकार यांत त्या जाडीइतकं अंतर राखावं लागतं. संगणकात हे करायचं तर सगळा पृष्ठभाग जाडीइतका आत सरकवायचा. मग जिथे नक्षीचं वळण पत्र्याच्या जाडीपेक्षाही बारीक असतं, तिथे सरकवलेला पृष्ठभाग स्वतःलाच छेदतो. संगणकाच्या हिशेबानं तिथली पाकळी नाहीशी होते, आणि खरोखरीच्या पत्र्यावरही ती नीट उठत नाही. दाब काढल्यावर पत्रा थोडा परततो, म्हणून दागिन्यात जेवढा उठाव हवा त्याहून डायमध्ये थोडा जास्त धरावा लागतो. म्हणजे दागिन्याचा आकार आणि डायचा आकार एक नव्हेत; एकातून दुसरा काढायला धातूचा स्वभाव माहीत असावा लागतो. त्यात कोपऱ्यांची गोष्ट वेगळी. संगणकाच्या हुकमानं चालणाऱ्या सीएनसी यंत्राचं कटर गोल फिरतं, त्यामुळे आतल्या कोपऱ्यात त्याच्या त्रिज्येइतकी गोलाई उरतेच. छिन्नीनं तोच कोपरा धारदार काढता येतो. शेवटी पोलादाला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून एकदम थंड करायचं. त्यात ठोकळा कणभर हलतो, फार बारीक धार असेल तर तडकू शकतो. कुठली धार पाणी द्यायच्या आधी ठेवायची आणि कुठली नंतर घासून काढायची, हे ठरवणं कसबाचा भाग आहे. तयार डाय समोर ठेवली तर यातलं काहीच तिच्या पृष्ठभागावर लिहिलेलं नसतं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. आज लेझर स्कॅनर केसाइतक्या जाडीचा फरक टिपतात. जुन्या डाय गोळा कराव्यात, स्कॅन कराव्यात, फाइली साठवाव्यात. एवढं तत्त्वज्ञान कशाला? स्कॅन जरूर करावा. पण त्यातून काय हाती येतं ते पाहा. स्कॅनर लाखो बिंदू देतो. ते जोडून त्रिकोणांची जाळी होते, आणि ती बहुतेक वेळा एसटीएल या १९८७ साली आलेल्या फाइल-प्रकारात साठवली जाते. या फाइलीत त्रिकोण असतात, दुसरं काही नाही. माप मिलिमीटरचं की इंचाचं, तेसुद्धा तिच्यात लिहिलेलं नसतं. झिजलेल्या डायची झीज आणि मूळ नक्षी तिला सारखीच. मुद्दाम दिलेला टेपर आणि हात घसरून पडलेला ओरखडा, दोन्ही त्रिकोणच. अशा फाइलीवरून त्या डायची नक्कल निघेल. तीच नक्षी जाड पत्र्यासाठी करायची किंवा दीडपट मोठी करायची म्हटलं, की अडलं. कारण दीडपट मोठ्या दागिन्याला पत्रा दीडपट जाड असतोच असं नाही, आणि टेपर, गोलाई, पत्र्याचं परतणं हे सगळे हिशेब जाडीशी बांधलेले आहेत. मोठ्या उद्योगांनाही हा चटका बसतो. एका सॉफ्टवेअरमधलं मॉडेल दुसऱ्यात न्यायचं, तर १९९४ पासून स्टेप नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. पण त्यातून जाताना सहसा हद्दच पार पडते आणि घडणीच्या पायऱ्या मागे राहतात. उरतो तो मुका घन.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूनं येतो. कारागिराचं ज्ञान बोटांत असतं, ते लिहून काढता येत नाही. आणि लिहिता येतं तेवढं यंत्र शिकून घेईल, मग कारागीर कशाला? यातलं निम्मं मान्य करायला हवं. छिन्नीवरचा हातोडीचा घाव किती हलका, हे कोणत्याही फाइलीत उतरणार नाही. पण टेपर किती, अमुक जाडीच्या पत्र्याला किमान गोलाई किती, खोल भाग आधी की उथळ, पाणी देण्याआधी काय आणि नंतर काय, हे नियम आहेत आणि नियम लिहिता येतात. हे शक्य असल्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. मुंबई-पुण्यात वाढलेल्या आणि २०१७ साली एचसीएलकडे गेलेल्या जिओमेट्रिक या कंपनीनं डीएफएमप्रो नावाचं सॉफ्टवेअर केलं. ते मॉडेल तपासून सांगतं, की ही भिंत फार पातळ आहे, या भोकापर्यंत हत्यार पोचणार नाही, इथे टेपर कमी आहे. हे नियम आकाशातून पडलेले नाहीत. टूलरूममध्ये वर्षानुवर्षं खराब झालेल्या मालातून लोक शिकले आणि मग कुणीतरी ते लिहिले. सोन्याच्या पातळ पत्र्याचे नियम लिहायचे असतील, तर ज्यांनी तो पत्रा फाटताना पाहिला आहे त्यांना विचारावं लागेल. यंत्र आल्यावर कारागीर नको असं म्हणणारे एक विसरतात, की यंत्राला काय सांगायचं हे आधी कुणाला तरी माहीत असावं लागतं. ते माहीत असणारी पिढी काम सोडून गेल्यावर विचारायला जाऊन उपयोग नाही.

तलासरीकडे वळलं की हाच मुद्दा जिवावरचा होतो. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये एक धक्का चार रिश्टरच्या वर गेला, आणि थंडीच्या दिवसांत लोक घर सोडून तंबूत झोपू लागले. घर हादऱ्यात टिकेल का हे संगणकावर तपासायचं, तर घराचा घन छोट्या-छोट्या तुकड्यांत वाटून प्रत्येक तुकड्यावरचा ताण काढतात. रे क्लफनं १९६० साली या पद्धतीला फायनाइट एलिमेंट हे नाव दिलं. पण तिथे सॉलिड मॉडेलचं एक साधं गणित घात करू शकतं. खांबाचा घन आणि तुळईचा घन एकत्र केले, की मॉडेलमध्ये एकच घन उरतो. मधली हद्द पुसली जाते, जणू दोन्ही एकाच वेळी, एकाच दगडातून घडले. खरं घर तर सांध्यातच तुटतं, जिथे दोन भिंती नीट गुंफलेल्या नाहीत, जिथे छत भिंतीवर नुसतं टेकवलं आहे. उलट कारवीच्या कुडाचं, मेढींवर बांधलेलं घर हलतं, कुरकुरतं, पण त्याचं वजन कमी आणि सांधे बांधलेले, लवचीक. मॉडेल करणाऱ्यानं सांधा हा वेगळा मांडलाच नाही, तर कुडाचं घर आणि विटांचं घर यांतला सगळ्यांत मोठा फरक संगणकाला दिसणारच नाही. सांधा कुठे आहे आणि तो कसा बांधला आहे, हे घर बांधणाऱ्या माणसाला ठाऊक असतं.

यावर तिसरा आक्षेप असा, की मॉडेल हे शेवटी तटस्थ साधन आहे. त्यात माणसं, गावं, हक्क आणू नयेत. गणित तटस्थ असतं हे खरं, पण हद्द कुठे आखायची हे गणित ठरवत नाही. ज्या वाढवणात डाय कोरल्या जातात तिथल्याच समुद्रात मोठं बंदर होणार आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला त्याची पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि दहा किलोमीटरच्या वर लाटारोधक बांध. एवढ्या कामाला समुद्रतळाचं त्रिमित मॉडेल लागतंच. आणि तेही गंमत म्हणजे डायसारखंच, प्रत्येक जागेपुढे खोलीचा एक आकडा. भराव किती घालायचा हे त्या तक्त्यातून बिनचूक निघतं. मासे कुठे अंडी घालतात, जाळी बांधायच्या कवी कुठे रोवल्या आहेत, भरतीचं पाणी कुठल्या खाडीत शिरतं, हे त्यात नाही, कारण ते त्यात लिहायचं असं कुणी ठरवलं नाही. या बंदराला विरोध करायला मच्छीमार आणि बागायतदारांबरोबर डायमेकरही उभे राहिले. बंदर व्हावं की नाही, हा या लेखाचा विषय नाही. एवढंच म्हणायचं आहे, की खोलीच्या तक्त्याला कोणी ‘समुद्र’ म्हणू लागलं तर ते इंजिनिअरिंगच्या शिस्तीतही बसत नाही. चांगला इंजिनिअर आपल्या मॉडेलच्या कडेला स्वच्छ लिहितो, की यात एवढंच धरलं आहे.

मग करायचं काय? दोन गोष्टी, दोन्ही आवाक्यातल्या. पहिली, किनाऱ्यावरच्या डायचा संग्रह करताना स्कॅनबरोबर प्रत्येक डायचं टिपण व्हावं, कारागिराच्या शब्दांत आणि मराठीत. कुठल्या जाडीचा पत्रा, टेपर किती, कुठून सुरुवात, कुठली धार शेवटी, दाबून पाहताना काय चुकलं होतं. रांगोळीच्या वहीसारखी ती डायची वही असेल, आणि उद्या तिच्यावरून पायऱ्या जपणारं मॉडेल करता येईल. दुसरी, डहाणू-तलासरीच्या मुलामुलींना कॅड शिकवताना परक्या पुस्तकातला नट-बोल्ट पुढे ठेवू नये. सॉफ्टवेअर महाग असतं ही सबब आता टिकत नाही. फ्रीकॅड फुकट मिळतं. ओपनएससीएडी तर आकाराची कृतीच लिहायला लावतं, हे जोडा, ते वजा करा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही आहेत. पहिला धडा डायचा असावा. एक पान, तीन पाकळ्या, पत्रा अमुक जाडीचा. मुलीनं पडद्यावर ठोकळा घ्यावा, नक्षी त्यातून वजा करावी, प्रत्येक भिंतीला टेपर द्यावा, आणि मग ती फाइल घेऊन चिंचणीच्या एखाद्या डायमेकरकडे जावं. ते नक्षी निरखून पाहतील आणि कुठल्या पाकळीत पत्रा अडकेल ते बोट ठेवून सांगतील. परत येऊन तिनं तेवढी भिंत सुधारावी, आणि ती का सुधारली हे फाइलीत त्या पायरीपुढेच मराठीत लिहून ठेवावं.